आवाज बंद ठेवून पाहिलेली मालिका

पत्रक सहा वाजता छापायला जाणार होतं, आणि साडेचार वाजून गेले तरी भिंगरीच्या वहीत फक्त तारीख होती. तीही कालची.

भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. पण पाच मिनिटं एका जागी न बसणाऱ्या मुलीला घरच्यांनी दिलेलं हे नाव इतकं चिकटलं होतं, की हजेरीत खरं नाव पुकारलं तर तीच मागे वळून बघायची, ही कोण बरं नवीन! वय पंधरा. उंची वर्षभरात चार बोटं वाढलेली, आणि आत्मविश्वास त्याहून किती तरी जास्त. या आत्मविश्वासाचं कारण होतं कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या मासिक पत्रकातला एक चौकोन.

पत्रक म्हणजे पाठपोट छापलेला एकच कागद. पुढे नव्या पुस्तकांची यादी, मागे पुस्तकांची पानं दुमडणाऱ्यांना कानपिचक्या, आणि मधोमध ‘वाचलं-पाहिलं’ नावाचं सदर. नुकतंच वाचलेलं एखादं पुस्तक किंवा पाहिलेली एखादी मालिका एका सभासदानं बाकीच्यांना सुचवायची. सगळी वस्ती कागद हातात आला की आधी तेच वाचायची. दोन वर्षं मागे लागून भिंगरीनं ते सदर तीन महिन्यांसाठी पदरात पाडून घेतलं होतं. दोन लेख झाले होते. तिसरा नीट गेला की सदर कायमचं तिचं, वर तिच्या नावाची पट्टी! ग्रंथपालबाईंनी तसा शब्द दिला होता आणि अट एकच घातली होती.

“स्वतः वाचलेलं, स्वतः पाहिलेलं. ऐकीव गोष्टीला माझ्या पत्रकात जागा नाही. कळलं?”

“कळलं, बाई. अगदी शंभर टक्के!”

या खेपेसाठी भिंगरीनं एक चांगलं जाडजूड पुस्तक आणलंही होतं. पण चाचणी परीक्षा आडवी आली, मग मैत्रिणीचा वाढदिवस आला, आणि पुढचे तीन दिवस या पुस्तकावर आपण काय फर्मास लिहिणार आहोत याची स्वप्नं बघण्यात गेले. वाचून झाली होती अकरा पानं. त्यातली चार प्रस्तावनेची.

बाहेरच्या खोलीत आजोबा टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीचा आवाज नेहमीसारखा बंद, आणि आजोबांच्या गालांवर पाण्याच्या धारा.

भिंगरी धावलीच. “आजोबा! काय झालं? दुखतंय का काही?”

“दुखतंय कुठलं! बघ ही बाई. अशी सून बघितलीस कुठे?”

आजोबा म्हणजे आईचे वडील. पस्तीस वर्षं त्यांनी कापडाच्या कारखान्यात, मागांच्या खात्यात काढली होती. एका छपराखाली दोनशे माग एकदम धडधडायला लागले की शेजारच्याच्या कानात बोंब मारूनही उपयोग नसतो. तिथली माणसं बोलायची ती ओठांनी, भुवयांनी आणि बोटांनी. खात्याच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाशी त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल सविस्तर बोलणं व्हायचं, तोंडातून अक्षर न काढता. त्या धडधडाटानं आजोबांचे कान बरेचसे नेले, पण त्यांची तक्रार नव्हती. माणूस समोर आहे, त्याचं तोंड दिसतंय, मग अडलंय कुठे? टीव्ही तर ते आवाज बंद करूनच बघायचे. “आवाजानं नीट बघू देत नाही,” म्हणायचे.

“गोष्ट तरी काय आहे हिची?” भिंगरीनं विचारलं. अजून तिच्या मनात काही पाप नव्हतं.

“नाव ‘सातवा धक्का’. बंदराची गोष्ट आहे. धक्क्यावर हिची बेकरी. नवरा बोटीवर गेला तो गेलाच. घरात सासरा, अंथरुणाला खिळलेला. ही दिवसभर पिठाची पोती उचलते, आणि संध्याकाळ झाली की हातातलं काम टाकून म्हाताऱ्याला चमच्या-चमच्यानं सूप पाजते. तो मान फिरवतो, नको म्हणतो. पण ही गोडीगुलाबीनं पाजतेच. वर त्याची हनुवटी पुसते. रुमालानं नाही हां, तळहातानं!”

“आणि हा वर्दीवाला?”

“भाऊ तिचा. भांडून गेलेला. आता रोज दारात येऊन गयावया करतो. ही म्हणते, आई आजारी होती तेव्हा कुठे होतास? आता कशाला आलास?”

“असं म्हणाली ती?”

“आत्ता म्हणाली. या डोळ्यांनी वाचलं मी!”

भिंगरीनं घड्याळाकडे पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं. मग वही उघडली.

वीस मिनिटांत लेख तयार. ‘गेला आठवडाभर मी या मालिकेनं झपाटून गेले आहे,’ अशी पहिलीच सलामी. पुढे बेकरी, पिठानं माखलेले हात, दारातला भाऊ, हनुवटी पुसणारा तळहात, सगळं आजोबांच्याच शब्दांत. आणि शेवटी तर तिची लेखणी अशी काही सुटली म्हणता! ‘हाणामाऱ्यांच्या या दिवसांत अशी मायेची मालिका विरळा. लहानथोरांनी एकत्र बसून, शक्यतो सूपचा वाडगा हातात घेऊन बघावी.’

ग्रंथपालबाईंनी लेख उभ्या-उभ्या वाचला. एरवी त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे. त्यांनी चष्मा काढला.

“पुढच्या महिन्यापासून नावाची पट्टी करायला सांगते,” त्या म्हणाल्या.

भिंगरी घरी चालत आली नाही. तरंगत आली.

आजोबांनी छापलेला कागद दोनदा वाचला आणि चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. “शब्दाला शब्द ठेवलास की गं!”

“तुमचं नाव नाही घालता आलं, आजोबा. बाईंचा नियम आहे ना...”

“नाव काय चाटायचंय? आपलं आपल्याला ठाऊक.” पण त्या दिवसापासून तो कागद दिवसातून तीनदा खिशातून बाहेर यायचा, वाचला जायचा आणि परत त्याच घड्यांवर दुमडला जायचा.

पहिली ठिणगी घरातूनच पडली. आई दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळायची. लेकीचं कौतुक पोटात मावेना, म्हणून सोमवारी तिनं प्रतीक्षागृहातल्या टीव्हीवर ‘सातवा धक्का’ लावला. गाल धरून बसलेल्या सात पेशंटना सांगितलं, “माझ्या मुलीनं सुचवलेली आहे हं. मुलांनाही दाखवण्यासारखी.” आणि आवाज मोठा केला.

पडद्यावर ती बाई सूपचा वाडगा घेऊन आली. म्हाताऱ्याची मान तिनं हलकेच उचलली, पहिला चमचा भरवला, तळहातानं हनुवटी पुसली, आणि मधात घोळवलेल्या आवाजात म्हणाली, “अजून सहाच दिवस, म्हाताऱ्या. रविवारी शेवटचा वाडगा. मग हे सगळं बंदर माझं.”

सात पेशंटचे सात हात गालांवरून खाली आले.

मग पिठाची पोती उघडली. त्यात पांढरं काही होतं खरं, पण त्याचे पाव होत नव्हते. मग तो वर्दीवाला भाऊ दारात आला आणि म्हणाला, “माझा हप्ता वाढव, नाही तर वर कळवतो.”

आईनं फोन लावला तेव्हा भिंगरी शाळेतून नुकती आली होती.

“भिंगरे! ती विष घालते!”

“कोण?”

“कोण काय कोण! तुझी मायाळू सून! सूपमध्ये विष घालते ती, आणि माझ्यासमोर पाच वर्षांची पोर बसलीय डोळे वटारून!”

त्या पोरीला सगळे छबकडी म्हणायचे.  घरी गेल्यावर तिच्या आजीनं कौतुकानं सूपचा वाडगा पुढे केला, तशी ती टेबलाखाली शिरली आणि किंचाळली, “मी म्हातारी नाहीये! मला नको मारू!”

मंगळवारपर्यंत सगळ्या वस्तीत सूपवर संक्रांत आली. भिंगरीच्या लेखाला भुलून एका सुनेनं लग्नानंतर पहिल्यांदाच सासूसाठी सूप केलं. सासूनं वाडगा हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाली, “आधी तू पी.” दोघींचं बोलणं बंद झालं. सलूनवाल्या काकांनी दुकानात मालिका लावली होती. विषाची बाटली पडद्यावर आली त्याच क्षणी खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकलं, आणि त्याची पंधरा वर्षांची मिशी अर्धी गेली. उरलेली अर्धी ठेवून काय करायचं म्हणून तीही गेली. तो गृहस्थ घरी गेला तर कुत्रा भुंकला.

बुधवारी ग्रंथपालबाईंनी बोलावणं धाडलं.  बाईंच्या टेबलावर तक्रारींच्या सतरा चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या होत्या.

“लोक म्हणतायत, तू लिहिलेली मालिका ही नव्हेच. मी सांगितलं, माझ्या लेखिकेनं स्वतः पाहिलीय. पाहिलीस ना?”

आता या ठिकाणी ‘नाही’ म्हणायला एकच श्वास लागला असता. भिंगरीनं तो घेतलाही. पण बाईंनी ‘माझ्या लेखिकेनं’ म्हटलं होतं ना! तो शब्द कानात असा काही गुदगुल्या करत होता, की तोंडातून निघालं, “हो. पाहिली की.”

“मग झालं तर. शनिवारी चारला सगळ्या सभासदांसमोर समजावून सांग. तुला जे दिसलं ते त्यांना दिसलेलं नाही, एवढंच.”

भिंगरी घरी आली, तिनं मालिकेचे जुने भाग काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘सातवा धक्का’ पाहिला, आवाज लावून. दुसऱ्या भागापर्यंत तिला घाम फुटला. तिसऱ्या भागात तिच्या लक्षात आलं की बाईचं वाक्य संपतं तरी ओठ हलतच राहतात. मालिका परदेशी होती. माणसं भलत्याच भाषेत बोलत होती आणि आपल्या भाषेतले आवाज वरून चिकटवले होते!

म्हणजे तीन महिने आजोबा परक्या भाषेतल्या ओठांवरून आपल्या भाषेतली वाक्यं वाचत होते. आणि ती त्या ओठांवर चपखल बसतही होती! भाऊ, आईचं आजारपण, गयावया, सगळं.

“हसू का रडू मी?” सगळं ऐकून झाल्यावर आई म्हणाली. “हे बघ, शनिवारी सरळ सांग. आजोबांबरोबर पाहिली, त्यांना ऐकू येत नाही म्हणून आवाज बंद होता, ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. खोटंही फारसं नाही, आणि तुझं सदरही वाचतं.”

“आणि आजोबा?”

“त्यांना काय होतंय?”

“सगळी वस्ती हसेल त्यांना, आई! सलूनवाले काका रोज विचारतील, काय आजोबा, आज ओठांनी काय वाचलंत? आणि त्या खिशातल्या कागदाचं काय?”

आईनं बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. आजोबा खिडकीच्या उजेडात तोच कागद उलगडून बसले होते. घड्यांवर तो आता फाटायला आला होता. 

शनिवारी वाचनालयात खुर्च्या वीस आणि माणसं साठ. भिंगरीनं आजोबांना घरीच थांबवायचा आटोकाट प्रयत्न केला होता. डोकं दुखेल म्हणाली, गर्दी असेल म्हणाली, पंखा बंद आहे म्हणाली. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून तिच्या आधी पोचले आणि अगदी मागच्या रांगेत बसले. तिथून त्यांना दिसत होत्या साठ पाठी, आणि समोर दोन चेहरे: एक बाईंचा, एक भिंगरीचा.

सगळ्यांत आधी छबकडीची आई उठली. “माझी मुलगी पाच दिवस बिस्किटांवर आहे. सूप सोडाच, वाटीतलं काहीही दिलं तर आधी बाहुलीला चाखवते. ही मायेची मालिका?”

“माझं गिऱ्हाईक गेलं!” सलूनवाले काका ओरडले. “मिशीसकट!”

बाईंनी हात वर केला. “भिंगरी, सांग.”

भिंगरी उठली. तिनं रात्रंदिवस विचार करून एक भाषण जुळवलं होतं. विष म्हणजे एक प्रतीक आहे, सासरा म्हणजे जुनं जग आहे, आणि चमचा म्हणजे काळ आहे. “चमचा म्हणजे...” तिनं सुरुवात केली. समोर छबकडी आईच्या मांडीवर बसून तिच्याकडे टक लावून बघत होती.  चमचा म्हणजे चमचाच होता.

“मी पाहिली नव्हती,” ती म्हणाली. “लेख लिहिला तेव्हा मी एकही भाग पाहिला नव्हता.”

साठ माणसं एकदम गप्प झाली की पंख्याचा आवाजसुद्धा मागासारखा येतो. बाईंचा चेहरा बघवेना.

“मग लिहिलंस कशावरून?”

“एकांनी सांगितलं.”

“कुणी?”

“ते मी सांगणार नाही. चूक माझी आहे. सदर काढून घ्या.” शेवटचे शब्द बोलताना तिचा आवाज इतका बारीक झाला की दुसऱ्या रांगेलाही ऐकू गेला नाही.

मागच्या रांगेला मात्र आवाजाची गरज नव्हती. आजोबा उठले.

“पोरीला कशाला धरता? मी सांगितलं. शब्दन् शब्द माझा आहे.”

साठ माना मागे वळल्या. भिंगरीनं डोळे मिटून घेतले. सलूनवाले काका आजोबांसमोर जाऊन, तोंड मोठं-मोठं उघडत म्हणाले, “आजोबा! ती विष घालते सूपमध्ये! विष!”

“कोण म्हणतं?”

“ती स्वतः म्हणते! रोज!”

“तोंडानं म्हणत असेल,” आजोबा शांतपणे म्हणाले. “तोंडाला काय, काहीही म्हणतं. चमचा धरलेला हात बघितलात का तुम्ही? ज्याच्या मनात मारायचं असेल तो माणूस आधी फुंकर घालून सूप निववत नाही. आणि तो डॉक्टर येतो ना हसऱ्या तोंडाचा, त्याच्याकडे बघा. ओठ हसतात, डोळे हिशोब करत असतात. घात करेल तर तो करेल. ही नाही.”

कुणी तरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणी हसलं. हसू वाढायला लागलं तशी भिंगरी खुर्च्या सरकवत मागे धावली आणि आजोबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आजोबांना हसण्याचं काहीच वाटलं नाही. उलट ते छबकडीच्या आईकडे निरखून बघायला लागले. “तुम्ही रागावलेल्या दिसताय खऱ्या. पण तुमचं तोंडच सांगतंय, सोमवारपासून एक भाग चुकवलेला नाहीये तुम्ही.”

“मी? छे! मी कशाला...” छबकडीच्या आईचे कान लालबुंद झाले. “तेवढंच इस्त्री करताना...”

“आई रोज बघते,” छबकडी म्हणाली. “मला आत पाठवते आणि बघते.”

आता हसण्याची दिशा बदलली. पण ग्रंथपालबाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली. “मालिका उद्या संपतेय. सदराचं काय करायचं ते त्यानंतर बघू. तोवर आजोबांना कुणी काही बोलायचं नाही.”

रविवारी पाच वाजता सलूनवाल्या काकांच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. घरी टीव्ही असलेली माणसंही आली होती, कारण मालिका संपताना आजोबांचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं. आजोबांना मानाची जागा म्हणून दाढीच्या खुर्चीत बसवलं होतं. शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक एका गालाला फेस लावून तसंच विसरलं गेलं होतं. आईनं भिंगरीचा हात धरला. 

शेवटचा वाडगा आला. बाईनं म्हाताऱ्याची मान उचलली.  म्हाताऱ्यानं सूप गिळलं, डोळे मिटले, आणि ताडकन उठून बसला.

“विष माझ्या औषधात होतं,” तो पडद्यावर म्हणाला. “डॉक्टरनं घातलेलं. हिच्या सूपमध्ये त्याच्यावरचा उतारा होता.” त्या बाईनं डॉक्टरची मानगूट पकडली, स्वतःच्या कोटाच्या आतून पोलिसांचं ओळखपत्र काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. चोरांच्या टोळीत ती दोन वर्षं टोळीवाली बनून राहिली होती. विषाची सगळी भाषा टोळीला ऐकवण्यासाठी होती!

 मग सगळ्या माना हळूहळू दाढीच्या खुर्चीकडे वळल्या. आजोबांच्या डोळ्यांतून पुन्हा धारा लागल्या होत्या.

“बघा,” ते गदगदून म्हणाले, “मिळाला की नाही शेवटी बेकरीचा परवाना!”

कोणीही, अगदी एकाही माणसानं, त्यांची चूक दुरुस्त केली नाही. सलूनवाले काका पुढे झाले आणि म्हणाले, “हो आजोबा. मिळाला.” फेसवाल्या गिऱ्हाइकानं टाळ्या वाजवल्या. छबकडीच्या आजीनं तिथल्या तिथे विचारलं, “मग आज सूप करू का गं?” छबकडीनं थोडा विचार केला. “फुंकर मारून दे,” ती म्हणाली.

सोमवारी भिंगरी ग्रंथपालबाईंसमोर उभी राहिली. आजोबा बरोबर ठरले, म्हणजे लेखही बरोबर ठरला, म्हणजे सदरही वाचलं, असा हिशोब ती वाटेत तीनदा करून आली होती आणि तीनही वेळा उत्तर तेच आलं होतं.

“सदर तुला नाही,” बाई म्हणाल्या.

“पण बाई, शेवट तर...”

“शेवट तू पाहून लिहिला नव्हतास. त्यांनी निदान पाहिलं तरी. सदर आजोबांना देतेय. त्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे, म्हणून लिहून तू द्यायचंस.” मग दुसरीकडेच बघत त्या म्हणाल्या, “शनिवारी नाव सांगितलं नाहीस. ते मला आवडलं.”

भिंगरीचा चेहरा आधी पडला, मग वर आला, मग मधेच कुठे तरी थांबला. नावाची पट्टी तयार झाली, आणि तिच्यावर आजोबांचं नाव होतं. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत ‘शब्दांकन’ आणि भिंगरी. आजोबांनी पट्टी बघितली आणि विचारलं, “हे खाली चिलटासारखं काय छापलंय?”

“ती मी आहे, आजोबा.”

“मोठं छापायला सांग. मला चष्म्यातूनही दिसत नाहीये.” पण बाईंनी काही ऐकलं नाही.

त्यानंतर आजोबा रोज दुपारी वाचनालयात जाऊन बसायला लागले. पुस्तक हातात घेत नसत. नुसते बसत. पंधरा दिवसांनी त्यांनी भिंगरीला हाक मारली. “घे लिहून. या महिन्याला पुस्तक.”

“कुठलं?”

“निळ्या पुठ्ठ्याचं. दाराजवळच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर.”

“वाचलंत तुम्ही?”

“मी कशाला वाचू? तीन जणांना ते वाचताना बघितलं मी.”

भिंगरीनं पेन खाली ठेवलं. मग आजोबांचं तोंड बघितलं आणि निमूटपणे पुन्हा उचललं. लेख असा छापून आला: ‘निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. पहिली तीस पानं माणूस जांभया देतो, त्याला घाबरू नये. चाळिसाव्या पानाला तो खुर्चीत सरळ होतो. शंभराच्या पुढे चहा गार होतो, तरी हात कपाकडे जात नाही. शेवटाला एकानं चष्मा पुसला, एक जण एकटाच हसला आणि एक बाई पुस्तक मिटून, त्यावर हात ठेवून, बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. आत काय आहे मला माहीत नाही. पण काही तरी आहे. जरूर घ्या.’

पत्रक वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी भिंगरी ते पुस्तक आणायला पळतच गेली. दाराजवळच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, फक्त एक फट होती. प्रतीक्षेच्या वहीत तिच्या आधी बारा नावं. सलूनवाले काका होते, छबकडीची आई होती, मिशी गेलेले गृहस्थ होते.

आणि बाराव्या क्रमांकावर, ओळ जराही न सोडणाऱ्या नेटक्या अक्षरात, ग्रंथपालबाईंचं स्वतःचं नाव होतं.